फॉरमॅट मारण्याआधी



महिनाभर इथे काही लिहिलं नाही म्हणून तिघा-चौघांचे फोन आले. धाकट्या बहिणीने तर सरळच विचारलं, "दादा, बरा आहेस ना?" मी बरा आहे. आजारी होता तो माझा संगणक. त्याच्या आजारपणाची, म्हणजे खरं तर रोगनिदानाची, हकीकत आज सांगणार आहे. पण मी पडलो मास्तर, त्यातही इतिहास शिकवलेला. त्यामुळे गोष्ट १९९३ पर्यंत मागे जाणार, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना घाई असेल त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचावेत आणि मला माफ करावं!

तर झालं असं. माझा लॅपटॉप जुना आहे. बॅटरी केव्हाच गेली, त्यामुळे लाईट गेली की तोही गेला. पुण्याच्या नातीने काही वर्षांपूर्वी त्यावर डेबियनच्या कुळातली एक हलकी लिनक्स प्रणाली टाकून दिली. "आबा, तुम्हाला लिहायचं, वाचायचं आणि ब्लॉग टाकायचा. याच्यावर मस्त चालेल." आणि चाललंही मस्त. मधून मधून अपडेट आले आहेत असं तो सांगायचा, मी बटण दाबायचो. त्या दिवशीही दाबलं. निम्म्यावर आलं असेल-नसेल, लाईट गेली. आमच्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही. लाईट आल्यावर संगणक सुरू झाला, पण लिहिण्याचा प्रोग्राम उघडेना. चित्र क्षणभर दिसायचं आणि गुप्त व्हायचं.

आता, लिहिण्याचा प्रोग्राम उघडला नाही तर एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. त्यात माझी एक फाइल होती. तिचं नाव 'जुनं गाव'. किल्लारीचं जुनं गाव भूकंपात गेलं. ते कसं होतं, कुठल्या गल्लीत कोणाच्या घराला लागून कोणाचं घर होतं, घरात किती माणसं होती, कोण गेलं आणि कोण राहिलं, हे मी काही वर्षांपासून म्हाताऱ्या माणसांकडे बसून लिहून घेतोय. दर ३० सप्टेंबरला गावात लोक जमतात, गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. यंदा त्या दिवसाच्या आधी निदान दोन गल्ल्यांची यादी छापून नातेवाइकांना द्यावी, असं मनात होतं.

संगणक पिशवीत घालून दुरुस्तीच्या एका दुकानात नेला. दुकानातला मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. उठून पाया पडला, चहा मागवला, पाच मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, ह्याला फॉरमॅट मारावं लागतंय. दुसरं विंडोज टाकून देतो. संध्याकाळपर्यंत घेऊन जा."

"अरे, पण आतलं लिहिलेलं?"

"ते जाईल की सर. कुठं कॉपी हाय का?"

कॉपी होती, पण आठ महिन्यांपूर्वीची. त्यानंतर दोन वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं सगळं त्या एकाच फाइलीत होतं. त्यांतले एक आता या जगात नाहीत. मी चहा संपवला आणि संगणक पिशवीत घालून परत आणला. पोराला राग आला नसावा. त्याच्या मते तो मदतच करत होता, आणि दिवसाला दहा संगणक बघणाऱ्याला एकेकाचं दुखणं विचारत बसायला वेळ कुठला?

पण 'पाडा आणि नवं बांधा' हे शब्द मी आयुष्यात एकदा फार ऐकलेले आहेत. म्हणून ते कानाला टोचले.

थोडा इतिहास सांगतो. लिनक्सवर कुठलाही प्रोग्राम एकटा नसतो. तो दुसऱ्या पाच-पन्नास छोट्या प्रोग्रामांच्या खांद्यावर उभा असतो. उदाहरण आपल्याच गावाच्या नावाचं घ्या. 'किल्लारी' या शब्दात ल्ल हे जोडाक्षर आहे. ते पडद्यावर नीट उमटायला आधी देवनागरी फॉन्ट हवा. माझ्याकडे आहे तो 'लोहित', मूळचा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली सर्वांना दिलेला. पण नुसता फॉन्ट पुरत नाही. अक्षरं जोडायची कशी, वेलांटी कुठल्या बाजूला काढायची, हे ठरवणारा 'हार्फबझ' नावाचा वेगळा भाग लागतो. तो इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद एस्फाहबोद यांनी उभा केला. त्याच्या वर लिहिण्याचा प्रोग्राम. म्हणजे मी किल्लारीत बसून गावाचं नाव लिहितो तेव्हा पुण्यापासून पार परदेशापर्यंतच्या माणसांचं काम खाली आधाराला असतं. यातला एक आधार निघाला की वरचं डगमगतं.

हे सगळे आधार बरोबर आवृत्तीचे, बरोबर क्रमाने आणून बसवायचे आणि कशावर काय उभं आहे त्याची नोंद ठेवायची, हे काम जो करतो त्याला म्हणतात पॅकेज मॅनेजर. सुरुवातीच्या काळात असा कारभारी नव्हता. लोक प्रोग्राम उतरवून घ्यायचे, स्वतः बांधायचे, अडलं की कुठला भाग कमी आहे ते शोधत बसायचे. १९९३ च्या जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्केर्डिंग यांचं स्लॅकवेअर आलं. त्यात पॅकेजं होती, पण कोण कोणावर अवलंबून आहे याचा हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा.

त्यानंतर १६ ऑगस्ट १९९३ या दिवशी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातला इयान मर्डॉक नावाचा विद्यार्थी जाहीर करतो की आपण एक नवी प्रणाली उभी करतो आहोत, अनेकांनी मिळून, काळजीपूर्वक. नाव डेबियन. मैत्रिणीचं नाव डेब्रा आणि स्वतःचं इयान, दोन्ही जोडून केलेलं! तो मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरमध्ये अकाली गेला. त्याचं डेबियन मात्र अजून आहे. या प्रणालीसाठी 'डीपीकेजी' नावाचा कारभारी तयार झाला. इयान जॅक्सन यांनी १९९४ च्या सुमारास त्याला पक्कं रूप दिलं. १९९५ मध्ये रेड हॅटच्या मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी आपला 'आरपीएम' आणला. पण हे दोघेही कारभारी 'अमुक कमी आहे' एवढं सांगून हात वर करायचे. कमी असलेलं कुठून आणायचं, ते तुम्ही बघा! ती अडचण 'ॲप्ट' ने दूर केली. मार्च १९९९ मध्ये डेबियनच्या २.१ आवृत्तीबरोबर तो लोकांपर्यंत पोहोचला. काय कमी आहे ते शोधायचं, जालावरून आणायचं आणि डीपीकेजीच्या हाती बसवायला द्यायचं, हे त्याचं काम.

डेबियन जाहीर झाल्याची तारीख वाचली तेव्हा मी थबकलो होतो. १६ ऑगस्ट १९९३. त्यानंतर दीड महिन्याने, २९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमचा भूकंप झाला. ६ रिश्टरच्या थोडा वरचा. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावं जमीनदोस्त झाली. गेलेल्या माणसांचे आकडे निरनिराळे सांगतात, सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत. मी त्या रात्री नोकरीच्या गावी होतो. सकाळी किल्लारीत पोहोचलो तेव्हा मला माझी गल्ली सापडली नाही. ज्या गल्लीत लहानाचा मोठा झालो ती. दगडांचा ढीग, आणि ढिगावर बसलेली माणसं. यापेक्षा जास्त त्या दिवसाबद्दल इथे लिहीत नाही. पूर्वी एकदा लिहिलं आहे.

पण भूकंपानंतरचं एक सांगायला हवं, कारण माझ्या संगणकाची गोष्ट तिथूनच उलगडते.

सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडी एकच: दगडाने माणसं मारली. दगडाचं घर नको. ते काही खोटं नव्हतं. पण नंतर जाणकार इंजिनिअर आले, पडलेल्या भिंतींत वाकून बघू लागले, तेव्हा नीट कारण कळलं. आमच्याकडच्या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहून रुंद. दिसायला किल्ल्यासारख्या. पण ती एक भिंत नसतेच, दोन असतात! बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मध्ये चिपा-माती भरलेली. दोन्ही अंगांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड, त्याला जोडदगड म्हणा, कवडीच्या हिशेबापायी किंवा विसरून, घातलेला नसे. जमीन हलली की दोन अंगं एकमेकांना सोडून फुगत आणि ढासळत. वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं पावसाळ्याआधी टाकलेली माती, फूट-दोन फूट जाडीची. ते सगळं ओझं खाली. म्हणजे दोष नुसत्या दगडाचा नव्हता. दगडाला दगड धरून नव्हता आणि डोक्यावर भार नको तेवढा होता. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला आणि भिंती तेवढ्या गेल्या, ते याचमुळे.

किल्लारीसारखी ५२ गावं पूर्ण गेली होती. तिथे दुसऱ्या जागी नवीन गाव वसवण्यावाचून इलाज नव्हता. पण त्याच्या बाहेर हजारो गावांत तडे गेलेली, उभी असलेली घरं होती. जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने जो मोठा पुनर्वसन कार्यक्रम केला, त्यात अशा दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण धरलं होतं. मी राहत होतो त्या नोकरीच्या गावचं घर त्यातलंच. भिंतीला हात जाईल एवढी भेग. घरमालक म्हणाले, "गुरुजी, मी हे पाडणार. कवाडं, तुळया इकून टाकणार." तिथे एक इंजिनिअर आला, त्याच्याबरोबर महिला मंडळातली एक बाई. त्या काळी 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून काम करत होत्या; सरकारचं म्हणणं घरात आणि घरातलं म्हणणं सरकारात पोहोचवायचं. इंजिनिअरने भिंतीवर ठोकून पाहिलं, भेगेत दोरी सोडून पाहिली, माळवदावर चढून मातीची जाडी मोजली. पाऊण तास तो काही बोललाच नाही. घरमालक अस्वस्थ! शेवटी म्हणाला, "पाडू नका. एक कोपरा उतरवून पुन्हा बांधू, बाकी भिंत बांधून घेऊ."

मग काय केलं? माळवदावरची माती उतरवून थोडी ठेवली. भिंतीतून ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात आकड्याची सळई ठेवली आणि काँक्रीट भरलं. म्हणजे राहून गेलेला जोडदगड उशिरा का होईना घातला. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके आधार दिले. ते घर आज तीस वर्षांनंतरही उभं आहे. मी अधूनमधून जातो. घरमालक आता नाहीत. त्यांचा मुलगा त्याच माळवदाखाली मला जेवायला वाढतो.

हे सगळं त्या रात्री डोक्यात फिरत होतं. मी नातीला फोन लावला. ती पुण्याला संगणकाच्याच नोकरीत आहे.

"आबा, फॉरमॅट केलं नाही ना?"

"नाही गं."

"शाबास! आता काहीही दाबू नका. आधी पेनड्राइव्ह लावा."

पहिली गोष्ट तिने फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. लिहिण्याचा प्रोग्राम बिघडला तरी लिहिलेलं जागेवर असतं, हे मला या वयात कळलं. घर पडलं तरी शेताची नोंद तलाठ्याकडे राहते, तसं. माझा जीव तिथेच अर्धा खाली पडला.

मग म्हणाली, "आता ती काळी खिडकी उघडा, मी सांगते ते टाइप करा. आणि तो जे लिहील ते जसंच्या तसं वाचून दाखवा. तुमच्या शब्दांत नको."

मंडळी, 'जसंच्या तसं वाच, तुझ्या मनाचं सांगू नको' हे वाक्य मी पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं. ते उलटून माझ्याकडे आलं!

पहिली आज्ञा होती डीपीकेजीला 'ऑडिट' करायला सांगण्याची. ऑडिट म्हटल्यावर मला शाळेचे दिवस आठवले आणि पोटात गोळा आला. पण हे ऑडिट सरळ होतं. डीपीकेजी एक मोठी नोंदवही ठेवतो. प्रत्येक पॅकेज कुठल्या अवस्थेत आहे ते तीत लिहिलेलं असतं: बसलेलं आहे, उघडून ठेवलेलं पण मांडलेलं नाही, अर्धवट मांडलेलं, अर्धवट बसलेलं. मध्येच लाईट जाईल, माणूस घाबरून बटण बंद करील, हे त्या वही करणाऱ्याने आधीच गृहीत धरलेलं आहे. मला याचं फार कौतुक वाटलं. काम पूर्ण झालं की नोंद करू, असं त्याने ठेवलं नाही. पायरीपायरीला नोंद. त्यामुळे जिथे थांबलं तिथून पुढे जाता येतं.

माझ्या ऑडिटात आठ-नऊ नावं निघाली, सगळी उघडून ठेवलेली किंवा अर्धवट मांडलेली. लिहिण्याच्या प्रोग्रामचे काही भाग नव्या आवृत्तीचे आणि काही जुन्या. एका गाडीला एक चाक मोठं, एक लहान. चालणार कशी?

"आता राहिलेली मांडणी पूर्ण करायला सांगू," ती म्हणाली. सांगितलं. चार-पाच पॅकेजं मांडली गेली आणि पुढे अडलं. यांना ज्याचा आधार हवा ते आलेलंच नाही, असं त्याचं म्हणणं. मग ॲप्टला सांगितलं की तुटलेलं सांध. त्याने काय काय आणावं लागेल त्याची यादी दाखवली, आणि शेवटी एक ओळ: पुरेशी जागा नाही.

नात दोन सेकंद गप्प झाली. "आबा, डिस्कवर किती जागा उरली ते बघू." पाहिलं. प्रणालीचा कप्पा शंभर टक्के भरलेला!

म्हणजे मी महिनाभर ज्या लाईटला शिव्या दिल्या ती बिचारी निमित्तमात्र. खरं दुखणं जागेचं होतं. ॲप्ट प्रत्येक वेळी उतरवून आणलेली पॅकेजं एका कोठीत ठेवत जातो, आणि माझ्या संगणकावर त्या कोठीची झाडलोट कधी झालीच नव्हती. माळवदावर दर वर्षी एक पाटी माती टाकावी, तसं साचत गेलं होतं. लाईट गेली नसती तरी ते काम पुढे अडलंच असतं.

"आबा, याआधी तो जागेबद्दल काही म्हणाला होता का?"

म्हणाला होता. पंधरा-वीस दिवस एक पिवळी पट्टी यायची. मी ती बंद करायचो.

इथे मला १९९२ आठवलं. भूकंपाच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दिवसांत, किल्लारीत लहान लहान धक्के बसले होते. भांडी वाजायची, जमिनीतून गुरगुर यायची. ऑक्टोबरात तर चांगलाच धक्का बसला. लोक घाबरले, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि मग सगळं शांत झाल्यासारखं वाटलं. त्या वेळी देशाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, जुनी जमीन, इथे काय व्हायचंय? नंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल विंधण घेतलं, तेव्हा कळलं की काळ्या खडकाचा थर ३३८ मीटरच्या आसपास जाड आहे आणि खाली फार जुना ग्रॅनाइटी खडक. हलला तो खालचा. २००२ मध्ये नकाशा बदलला, पहिला पट्टाच रद्द झाला, आणि आमचा भाग तिसऱ्यात गेला. प्रत्येक लहान धक्क्यामागे मोठा धक्का असतो असं नाही, हेही शास्त्रज्ञ सांगतात. मला एवढंच म्हणायचं आहे की लहान धक्क्याची चौकशी करण्याचा खर्च नेहमी कमी असतो.

नातीने मग अलीकडची एक गोष्ट सांगितली. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला दिसलं की डेबियनच्या 'अस्थिर' म्हणवल्या जाणाऱ्या आवृत्तीवर दुसऱ्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! कोणीही सोडून दिलं असतं. त्याने सोडलं नाही. शोधत शोधत गेला तर 'एक्सझेड' नावाच्या एका छोट्या, सगळ्यांच्या पायाशी असलेल्या पॅकेजात कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा करून ठेवलेला निघाला. तो करणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वासू मदतनीस म्हणून काम करून ती जागा मिळवली होती. हे जगभर पसरण्याआधी २९ मार्चला सगळ्यांना सावध केलं गेलं. आणि २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं अवघं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्याने रागाने काढून घेतलं, तर त्यावर उभे असलेले मोठमोठे प्रकल्प बांधता येईनात. गावातलं सर्वांत लहान घर पडावं आणि चावडी हलावी, अशातली गत!

म्हणून की काय, नवीन कारभाऱ्यांत वैद्याचीच सोय करून ठेवलेली असते. ॲपलच्या संगणकांसाठी मॅक्स हॉवेल यांनी २००९ मध्ये 'होमब्रू' काढलं, त्यात 'डॉक्टर' नावाचीच आज्ञा आहे. ती सगळं तपासते, शंका येतील त्या सांगते, आणि वर असंही म्हणते की तुमचं सगळं नीट चालत असेल तर या सूचनांनी घाबरून जाऊ नका. असे डॉक्टर माणसांत कमी!

आमचं पुढचं सांगतो. कोठी साफ केली. बरीच जागा झाली. पुन्हा ॲप्टला सांगितलं की तुटलेलं सांध. त्याने यादी दाखवली आणि विचारलं, करू का? मी 'हो' चं अक्षर दाबणार तेवढ्यात नात ओरडली, "थांबा! काय काय काढून टाकणार आहे ते आधी वाचा." कारण आवृत्त्यांचा हा मेळ बसवणं गणिताच्या दृष्टीनेही फार अवघड असतं म्हणे, आणि कधी कधी ॲप्टला सुचलेला सोपा मार्ग म्हणजे तुम्हाला हवी ती गोष्टच काढून टाकणं! यादी वाचली. काढण्याच्या रकान्यात शून्य. मग 'हो' म्हटलं. पाऊण तास ओळी सरकत होत्या. मी मनातल्या मनात लाईटला हात जोडून बसलो होतो.

संपल्यावर पुन्हा ऑडिट. या वेळी तो काहीच बोलला नाही. मी विचारलं, "आता काय बिघडलं?"

"काही नाही आबा. सांगण्यासारखं काही नसलं की तो गप्प बसतो."

प्रोग्राम उघडला. 'जुनं गाव' उघडलं. पहिल्याच पानावर आमची गल्ली, डाव्या हाताचं पहिलं घर, दुसरं, तिसरं. मी पडद्यावर हात फिरवला. नात तिकडून विचारत होती, "आबा? आबा, उघडलं का?" मला लगेच बोलता आलं नाही.

नवीन किल्लारी चांगलं आहे. रस्ते रुंद, घरं एका ओळीत. पण बांधताना घराशेजारी कोणतं घर, कोण कोणाच्या आधाराने राहतं, हा हिशेब पुष्कळांचा राहून गेला. पूर्वी भिंतीला भिंत असलेली माणसं गावाच्या दोन टोकांना गेली. म्हाताऱ्या माणसांकडे बसलो की ती हेच सांगतात: घराचं नाही, शेजाराचं. घरं मोजणाऱ्याला घरं दिसली, त्यांना जोडणारं दिसलं नाही. त्याची जी काही नोंद उरली आहे ती चार-दोन माणसांच्या डोक्यात आणि माझ्या त्या फाइलीत. आता तिच्या तीन प्रती आहेत: एक पेनड्राइव्हवर, एक पुण्याला, आणि एक कागदावर, माझ्या अक्षरात.

त्या दुकानातल्या पोराकडे परवा मुद्दाम गेलो. रागावायला नाही. काय काय केलं ते सांगितलं, आज्ञा वहीच्या पानावर लिहून दिल्या. त्याने मन लावून ऐकलं. म्हणाला, "सर, पुढच्या टायमाला आधी पेनड्राइव्ह लावून बघतो." मास्तरकीचं समाधान निवृत्तीनंतरही मिळतं ते असं.

असो. लांबण फार लागली. जुन्या गावातल्या कोणाला आपल्या गल्लीतलं काही आठवत असेल, शेजाऱ्याचं नाव, आडाची जागा, पारावरचं झाड, काहीही, तर मला जरूर कळवा. आणि पिवळी पट्टी आली तर बंद करण्याआधी वाचा.